मुरत ठेवलेली पाठ

साहेबराव पायाळू होता. आईच्या पोटातून तो पायांकडून बाहेर आला, आणि तेवढ्या एका कर्तबगारीवर कासारवाडीच्या चाळीत चाळिशी उलटल्यावरही त्याला मान होता. कुणाच्या कमरेत उसण भरली की तो माणूस सकाळी सकाळी वाकडातिकडा होत साहेबरावच्या दाराशी यायचा, भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, आणि साहेबराव त्याच्या पाठीला हलकेच पाय लावायचा. रविवारी विहारात अंधश्रद्धेवर तावातावानं बोलणारा तो हाच. पण घरी परतल्यावर दारात कुणी कण्हत उभा असला की त्याचा पाय आपोआप उचलला जायचा. श्रद्धा त्यांची, पाय तेवढा आपला, अशी तो स्वतःची समजूत घाली. उसण तशीही दोन-चार दिवसांत जातेच हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण चालून आलेलं श्रेय परत करण्याइतका तो खुळा नव्हता.

तर अशा या पाठीच्या अधिकारी माणसाच्या बायकोचीच पाठ गेली.

सत्त्याहत्तर सालचा उन्हाळा होता. कस्तुरा नळावरून भरलेला हंडा घेऊन ओट्याची पायरी चढत होती, आणि कमरेत असं काही कडाडलं की हंडा एकीकडे आणि ती एकीकडे. साहेबराव धावला. चार बाया जमल्याच होत्या, त्यांच्यादेखत त्यानं तिला भिंतीशी उभं केलं, विजार वर खोचली, नीट नेम धरला आणि पाय लावला. कस्तुरा किंचाळून खाली बसली. चाळीत एवढी शांतता त्याआधी कधी पसरली नव्हती.

पुढं दुखणं पाठीतून डाव्या पायात उतरलं. लेप झाले, शेक झाले, वजनं लावून झाली. शेवटी पुण्याच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेली आहे, ऑपरेशन करावं लागेल. कस्तुरा पडण्याच्या आधीपासूनच गादी सरकत आलेली असणार, असंही ते म्हणाले. ते ऐकून साहेबरावच्या छातीवरचं ओझं निम्मं उतरलं. उरलेलं निम्मं तसंच राहिलं, कारण पाय लावल्याचं डॉक्टरांना सांगायची त्याची छाती झाली नव्हती.

ऑपरेशन ठरल्याचं कळताच लोक भेटायला येऊ लागले. येताना नारळ आणायचे आणि जाताना एकेक गोष्ट ठेवून जायचे. पाठीचं ऑपरेशन झालं आणि माणूस कायमचा अंथरुणाला खिळला, अशी प्रत्येकाच्या माहितीतली एक गोष्ट होती. साहेबरावच्या खात्यातला चिमाजी तर पुनावळ्यातल्या कुणा सोयऱ्याची हकिगत हातवारे करून सांगून गेला.

"पाठ अशी झाली बघ राव, सरळसोट," चिमाजी म्हणाला. "पन पाय गेलं ते गेलंच."

कस्तुरा पलीकडेच पडून ऐकत होती. चिमाजी गेल्यावर ती म्हणाली, "त्यांना म्हनावं, फुडच्या बारीला निस्ता नारळ आना."

ऑपरेशन सुखरूप पार पडलं. टाके निघाले, आणि दुसऱ्या दिवशी सिस्टरनं कस्तुराला खाटेवरून खाली उभं केलं. एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला साहेबराव. तिनं उजवा पाय टाकला. मग डावा टाकायला गेली, तर तो गुडघ्यातून ओल्या कापडासारखा दुमडला. साहेबरावनं तिला वरच्यावर झेललं. कस्तुराच्या चेहऱ्यावर दुखल्याची खूण नव्हती. तिनं खाली स्वतःच्या पायाकडे बघितलं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं. ते बघणं साहेबरावच्या काळजात जाऊन बसलं.

डॉक्टरांना त्याचं काही वाटलं नाही. "नस फार दिवस दाबलेली होती," ते दोघांना म्हणाले. "जोर हळूहळू येईल, पण चालायला पाहिजे. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. कडक अंथरुणावर झोपायचं. बाकी रोज थोडं थोडं चालवा. दोन महिन्यांनी दाखवायला आणा."

"व्हय साहेब," साहेबराव म्हणाला.

आणि घरी आल्यावर ओट्यावर जमलेल्या साऱ्या चाळीला त्यानं सांगितलं, "डॉक्टरांनी सक्त आराम सांगितलाय. पाय खाली टेकवायचा न्हाई."

कस्तुरानं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि डोळे मिटून घेतले. साहेबरावनं ती संमती धरली.

आता हे त्यानं का केलं? तो मूर्ख होता म्हणून, असं पुढं तो स्वतःच म्हणायचा. पण त्या मूर्खपणालाही शास्त्राचा आधार होता. साहेबराव पिंपरीला लेथ बनवणाऱ्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला होता. लेथचा बेड, म्हणजे ज्याच्यावर सगळं मशीन उभं राहतं तो ओतीव लोखंडाचा लांबलचक कणा, सरळ आहे की नाही हे तपासून त्याच्यावर खडूनं खूण करायची, हे त्याचं काम. फाउंड्रीतून आलेला बेड लगेच मशीनवर चढवत नसत. लोखंड ओततात तेव्हा त्याच्या पोटात ताण राहतो. म्हणून कंपनीच्या मागच्या आवारात असे बेड महिनोन्‌महिने उन्हापावसात गंजत पडलेले असत. माल मुरतोय, असं कामगार म्हणत. घाई केली तर आज सरळ दिसणारा बेड उद्या गिऱ्हाइकाकडे जाऊन वाकडा होतो. हे साहेबरावला इतकं पाठ होतं, की कस्तुराच्या पाठीकडेही त्यानं त्याच नजरेनं बघितलं. कणा तो कणा. कापाकापी झाली म्हणजे ताण आलाच. मुरू द्यावा. डॉक्टर बिचारा तरुण होता, त्यानं लोखंड कुठं बघितलं होतं?

हे झालं शास्त्र. आतली गोष्ट वेगळी होती आणि ती साहेबराव स्वतःलासुद्धा हळूच सांगायचा. त्याला भीती वाटत होती. कस्तुरा पुन्हा चालेल की नाही, हे एकच त्याच्या डोक्यात घोळत होतं. ती उभी राहिली आणि पाय पुन्हा तसाच दुमडला, तर? मग सगळं संपलंच. ती पडून होती तोवर मात्र काहीच संपलेलं नव्हतं. मग पडून असू दे.

मुलगी लग्न होऊन तळेगावला गेलेली, तिला दिवस गेलेले. ती आठ दिवस येऊन राहिली, मग साहेबरावनं तिला परत धाडलं आणि घराचा ताबा घेतला. कडक अंथरूण पाहिजे म्हणून त्यानं कंपनीच्या भंगारातून मशीनच्या खोक्याच्या फळ्या आणल्या आणि खाटेवर ठोकल्या. फळ्यांवर काळ्या रंगात परदेशी खुणा छापलेल्या होत्या: एक छत्री, एक काचेचा पेला आणि एक बाण. पाण्यापासून जपावा, माल नाजूक आहे, ही बाजू वर ठेवावी. बाण कस्तुराच्या पायांकडे रोखलेला होता. शेजारची सोजरबाई तो बाण बघून म्हणाली, "साहेबराव, तुमच्या कंपनीच्या हिशेबानं ही उलटी निजलीया."

मग स्वयंपाक. साहेबराव सात वाजताच्या पाळीला जायचा, त्याआधी भाकऱ्या थापायचा. त्याच्या भाकरीची जाडी कडेपासून मधापर्यंत अशी एकसारखी असे की गेज लावून बघावं, आणि चावायला ती पत्र्यासारखी असे. कस्तुरा एक तुकडा आमटीत बुडवून ठेवायची आणि बराच वेळ त्याची वाट बघायची. "कंपनीत पास झाली आसंल," ती म्हणायची, "हितं रिजेक्ट."

तो तिचे केस विंचरायला शिकला. वेणी घालायला तर स्वतःहून शिकला, आणि ती इतकी आवळून घालायचा की कस्तुराच्या भुवया वर जायच्या. सगळ्यात अवघड काम सकाळचं. अंधुक उजेडात भांडं फडक्यानं झाकून तो चाळीच्या टोकाला असलेल्या संडासांकडे निघायचा. तिथं रांगेत टमरेल धरून उभे असलेले सगळे त्याच्या ओळखीचे. त्यांतल्या कितीकांच्या पाठीला त्यानं पाय लावलेला. पहिल्या दिवशी त्यानं मान खाली घातली. सगळ्यांनी बाजूला सरून वाट दिली. "जय भीम, साहेबराव," म्हातारा आबाजी म्हणाला, जसा रोज म्हणायचा तसाच. साहेबरावला त्या क्षणी ती रांग बघून इतकं भरून आलं की तो भांडं घेऊन पुढं जायच्याऐवजी तिथंच उभा राहिला, आणि आबाजीला त्याला ढकलावं लागलं.

पुढं पुढं तर त्याला या सगळ्यात गोडी वाटायला लागली. पाळी सुटली की सायकल दामटत घरी यायचं, हातपाय धुऊन चहा टाकायचा, कस्तुराच्या मानेखाली हात घालून तिला जरा वर करायचं, कप तिच्या ओठाला लावायचा. खात्यात तो बायकोच्या आजारपणावर व्याख्यानं द्यायला लागला. "नर्स काय करंल," तो चिमाजीला म्हणाला, "आपन येळा अशा बसवल्यात की शरीरसुद्धा शिस्तीला लागलंय. मी कंपनीत आसतो तवर दिवसभर भांडं कोरडं." याचा दुसरा काही अर्थ होऊ शकतो, हे एवढी वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडण्याचा पगार घेणाऱ्या माणसाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

असाच महिना उलटला. मग एके दिवशी कंपनीतली वीज गेली ती आलीच नाही. वीजकपातीचे दिवस होते. दुपारी जेवणानंतर साहेबांनी सगळ्यांना घरी सोडलं. साहेबराव खुशीत सायकलवरून निघाला. आज कस्तुराला चहा लवकर मिळेल, या विचारानं तो चाळीच्या कोपऱ्यावर वळला आणि त्यानं करकचून ब्रेक दाबला.

ओट्यावर बाया ओळीनं बसल्या होत्या. कुणाच्या मांडीवर सूप होतं, कुणी लसूण सोलत होती. आणि त्यांच्यासमोरून, एक हात भिंतीला धरून, कस्तुरा चालत होती.

सोजरबाई तिच्यापुढं उलट्या पावलांनी सरकत होती, हात पसरून. कस्तुराचा डावा पाय जरा ओढत होता, टेकताना कचरत होता, पण टेकत होता. ओट्याच्या टोकाला जाऊन ती वळली. वळताना तिनं भिंतीवरचा हात सोडला. सुपातले दाणे पाखडायचे थांबले. कस्तुरा दोन पावलं तशीच टाकून पुन्हा भिंतीला आली आणि काहीतरी बोलली, आणि सगळ्या बाया खदखदून हसल्या. आपल्याबद्दलच बोलली असणार, हे साहेबरावला इतक्या लांबूनही कळलं.

तो सायकलसकट मागं सरला आणि पाण्याच्या टाकीच्या आड गेला. तिथं चिखलात टेकून बसला आणि रडला. हुंदके देऊन, नाक ओढत, पोरासारखा. पाय होता. पाय आहे. मग हळूहळू बाकीचं ध्यानात यायला लागलं. एवढे दिवस आपण तिला मुरवत होतो आणि ती आपल्या पाठीमागं चालत होती. सगळ्या चाळीला माहीत होतं. रांगेत वाट देणाऱ्यांच्या बायकांनाही माहीत होतं. म्हणजे त्या रांगेतल्या पुरुषांनाही. आणि आपण फडक्यानं झाकलेलं भांडं घेऊन, जगातलं सगळ्यात मोठं पुण्य केल्यासारखे, त्यांच्यामधून मिरवत जात होतो. साहेबरावला रडता रडता हसू यायला लागलं, आणि ते काही केल्या आवरेना.

तेवढ्यात छबूबाई घागर घेऊन टाकीवर आली. टाकीआड रडत हसणारा पुरुष बघून ती दचकली.

"अगं बया, साहेबराव! हितं काय करताय?"

"चेन पडली सायकलची," साहेबराव म्हणाला.

छबूबाईनं सायकलच्या चेनकडे बघितलं. ती जागेवर होती. तिनं साहेबरावच्या डोळ्यांकडे बघितलं, घागर भरली आणि निघून गेली.

पाळी सुटायच्या वेळेपर्यंत तो टाकीआडच बसून राहिला. कस्तुरानं आपल्यापासून एवढं लपवलं ते आपल्याला कळलंय, हे तिला कळू द्यायचं त्याला धैर्य नव्हतं. नेहमीच्या वेळेला घंटी वाजवत तो घरी आला. कस्तुरा फळ्यांवर उताणी पडून आढ्याकडे बघत होती. अंगावर पांघरूण गळ्यापर्यंत. साहेबरावनं हातपाय धुतले, चहा टाकला, तिच्या मानेखाली हात घालून तिला जरा वर केलं. तिनं घोट घेतला.

"चेन बसली का?" तिनं विचारलं.

चहा पांघरुणावर सांडला.

"मला का न्हाई सांगितलंस?" पांघरूण पुसत तो म्हणाला.

"तुमी कुटं सांगितलंत?" कस्तुरा म्हणाली. "डॉक्टर काय बोलले ते मी बी ऐकलं व्हतं. पाठ कापली व्हती माजी, कान न्हवं."

लोखंडाचं शास्त्र ओठापर्यंत आलं होतं, ते त्यानं गिळलं.

"माल मुरवत व्हतो," तरी तो पुटपुटलाच.

"ठावं हाय. सोजरबाईला चिमाजीच्या बायकूनं सांगितलं." कस्तुरा आपली आपण कोपरावर टेकून उठून बसली. त्याचा हात आपोआप पुढं झाला, तो तिनं बाजूला केला. "मी पयल्याच आठवड्यात तुमच्यासमूर उठनार व्हते. सकाळी तुमी भाकरी थापत व्हता तवा पाय खाली सोडला बी व्हता. तुमी वळून बघितलंत. आसं तोंड केलंत, की मी मेलेच जनू. माझा पाय तिथंच लटपटला. मी पुन्यांदा निजले."

साहेबरावला ती सकाळ आठवली. पांघरूण सरकलंय म्हणून आपण ते तिच्या पायावर घातलं होतं, तेही आठवलं.

"मी पाठीला भेत न्हाई," कस्तुरा म्हणाली. "तुमच्या तोंडाला भेते. बायांसमूर पडले तर त्या हसतील, उचलतील. तुमच्यासमूर पडले तर तुमी मला पुन्यांदा उठूच देनार न्हाई."

साहेबराव खाली मान घालून बसला. शेजारच्या खोलीत कुणाचा तरी स्टोव्ह फरफरत होता. आपण बायकोला सांभाळलं, असं त्याला वाटत होतं. खरं म्हणजे तिलाच दुपारभर चालून, दमून, आपली वेळ झाली की आपल्याला सांभाळायला फळीवर येऊन पडावं लागत होतं. त्याला स्वतःची इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती, आणि तिचा इतका अभिमानही.

"मग आता काय करू?" त्यानं विचारलं. असं त्यानं तिला वीस वर्षांत पहिल्यांदाच विचारलं असेल.

कस्तुरानं जरा विचार केला. "चपला द्या माझ्या. रेल्वेच्या फाटकापातुर जाऊन यायचं. तुमी फुडं व्हा. मागं वळून बघायचं न्हाई. बघितलंत तर मी तिथंच बसंन."

ती दोघं निघाली. ओट्यावरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. सोजरबाईनं पदर तोंडाला लावला. साहेबराव पुढं चालू लागला, मान ताठ, हात दोन्ही बाजूंना चिकटलेले, शाळेतल्या कवायतीसारखा. मागं चपलांचा आवाज येत होता. एक टेकल्याचा, एक ओढल्याचा. मशीन चालू असताना आत काय बिनसलंय ते तो कानानं सांगू शकत असे, आणि आता त्याचा सगळा जीव कानात आला होता. टेकला. ओढला. टेकला. ओढला. मध्येच आवाज थांबला, तेव्हा त्याचीही पावलं थांबली. मागून तिचा श्वास ऐकू आला. मग पुन्हा टेकला, ओढला. त्याच्या मानेच्या शिरा वळून बघण्यासाठी दुखत होत्या.

फाटकाशी पोचेपर्यंत लोणावळ्याकडून मालगाडी आली. डब्यांमागून डबे खडखडत जात राहिले, आणि त्या आवाजात मागचं काही ऐकू येईना. साहेबराव गाडीकडे तोंड करून उभा होता. ती मागं आहे की पडली? बसली असेल? हाक मारली असेल आणि आपल्याला ऐकू आली नसेल? त्यानं डोळे गच्च मिटले आणि दोन्ही मुठी आवळल्या. वळून बघितलं असतं तर कुणी त्याला फासावर चढवणार नव्हतं. पण तो वळला नाही. चाळीच्या पाठींना पाय लावून मिळवलेल्या सगळ्या नावलौकिकापेक्षा हे जड होतं.

गाडी गेली. रूळ जरा वेळ गुणगुणले आणि गप्प झाले. मागं काहीच आवाज नव्हता. टेकल्याचा नाही, ओढल्याचा नाही.

"आता चला की. थांबलाय कशापाय?"

आवाज पुढून आला. साहेबरावनं डोळे उघडले. फाटक उघडलं होतं, आणि गाडीच्या खडखडाटात साहेबरावला वळसा घालून पुढं गेलेली कस्तुरा रूळ ओलांडत होती. फाटकापर्यंतच जायचं ठरलं होतं, ते ती विसरली होती किंवा तिनं मोडलं होतं.

त्याला हाक मारायची होती, सावकाश म्हणायचं होतं, पण तो बघतच राहिला. लग्न झाल्यापासून तो पुढं आणि ती चार पावलं मागं, अशीच ती दोघं प्रत्येक रस्त्यानं चालली होती. बाजाराला, स्टेशनला, मुलीच्या सासरी. तिची पाठ चालताना कशी दिसते, ती खांदा कसा टाकते, पदर कसा सावरते, हे त्यानं आज पहिल्यांदा बघितलं.

ती एकटीच पुढं जात होती, डावा पाय किंचित ओढत. साहेबराव तिच्या मागून निघाला.